‘घर’ नावाचा फोल्डर

प्रिय अहो,

हो, ‘प्रिय’च लिहिलंय. सवयीनं लिहिलं गेलं. खोडणार होते, पण पहिल्याच ओळीत खाडाखोड बरी दिसत नाही म्हणून राहू दिलं. तुम्ही त्याचा फार अर्थ काढू नका.

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. या दीड वर्षात मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलले, पण कागद कधी घेतला नव्हता. आज भरदुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलेय, कारण काल द्वारका चौकातून आपली हार्ड डिस्क परत आली. तीच, काळी, गौरीनं फुलपाखराचा स्टिकर लावलेली. गौरी साडेपाचला शाळेतून येईल. तिला काय सांगायचं ते त्याच्या आत ठरवायचंय, आणि तुमच्याशी भांडल्याशिवाय मला ते ठरवता येईल असं वाटत नाही.

सुरुवात खंडेनवमीपासून करते. कारण माझा गुन्हा तिथला आहे. म्हणजे महिनाभर मी तो माझाच गुन्हा समजत होते!

तुम्ही गेल्यावर वर्षभर आपण सण केले नाहीत. यंदा पहिल्यांदाच दुकानात पूजा मांडली. पाटावर दोन्ही कॅमेरे, फ्लॅश, स्टँड आणि मधोमध ती डिस्क. आईंनी मळ्यातून झेंडूची पाटी भरून आणली होती. मी एकेका वस्तूला हळद-कुंकू लावलं, फुलानं पाणी शिंपडलं, अक्षता टाकल्या. तुम्ही कॅमेरा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे आणि मग पिशवीला कुंकू लावायचे. आई म्हणायच्या, “देवाला कळत नाय व्हय रं, बाहेरून कुंकू लावतो ते?” आणि तुम्ही म्हणायचे, “देवाला कळतं गं, लेन्सला कळत नाही.” आम्ही हसायचो. हसण्याच्या नादात ती पिशवी कशासाठी होती तेच मी विसरून गेले.

गौरीला डिस्क त्याच दिवशी लावून हवी होती. का, सांगू? ऑगस्टमध्ये एकदा वेणी घालताना तिनं विचारलं, “आई, पप्पांचा आवाज कसा होता गं? मला आठवतो ना, तो बहुतेक मामाचा आहे.”

आठ वर्षांची पोर. तुमच्या घशाचं ऑपरेशन होऊन आवाज गेला तेव्हा सहाची नव्हती पुरी. त्यानंतरचे तुम्ही तिला लख्ख आठवता, गळ्याला रुमाल, हातात वही. पण त्याआधीचा बाप तिच्याकडे नाहीच. मी म्हटलं, “अगं, ढीगभर व्हिडिओ आहेत. तुझ्या बारशापासून. डिस्कवर ‘घर’ नावाचा फोल्डर आहे. पप्पांचा आवाज आहे सगळ्यांत.” तेव्हापासून तिनं दिवस मोजायला घेतले. माझीच हिंमत होत नव्हती. दसऱ्याला लावू म्हणून मी ढकलत गेले.

पाटावर मांडलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं, म्हणून खंडेनवमी गेली. दसऱ्याला नवा फ्रॉक घालून ती तुमच्या खुर्चीत बसली, आईंनाही बाजूला बसवून घेतलं. मी डिस्क जोडली. दिवा लागला. आणि आतून आवाज यायला लागला, टिक, टिक, टिक, जरा थांबून पुन्हा टिक, टिक. स्क्रीनवर काही नाही.

“तू पाणी शिंपडलंस,” गौरी म्हणाली. “पप्पा पिशवी घालायचे. तू का नाही घातलीस?”

तिनं फ्रॉकसुद्धा बदलला नाही, तशीच जाऊन झोपली.

तुम्हाला सांगते, त्यानंतर मी काय काय केलं! केबल बदलली. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांनी कुठंसं बघितलं होतं, की डिस्क फ्रीजमध्ये गार केली की चालते. ठेवली मेथीच्या जुडीशेजारी. ती काढली तर आईंनी तांदळाच्या डब्यात खुपसली, त्यांचा मोबाईल एकदा विहिरीवर भिजला होता तो तसा बरा झाला होता म्हणून. दोन दिवस तुमचा आवाज इंद्रायणी तांदळात! रोज सकाळी अंघोळ झाली की मी ती पुन्हा जोडून बघायची, देवाला नमस्कार करून. रोज टिक, टिक.

शेवटी कुणीतरी द्वारकेच्या अन्सारभाईंचं नाव सांगितलं. मोबाईलच्या दुकानांच्या गर्दीत वरच्या मजल्यावर एक खोली, पांढरा दिवा, जाड चष्म्याचा माणूस. त्यांनी डिस्क कानाला लावली, मला एकदाच चालू करायला सांगितली आणि लगेच वायर उपटली.

“किती वेळा चालू केली, भाभी?”

“रोज. दहा-बारा दिवस.”

त्यांनी कपाळावर हात मारला. “अहो, आतमध्ये थाळी फिरते, तिच्यावरून सुई जाते. सुई थकलीय. तुम्ही चालू करणार, ती थाळीवर घासणार. जितक्यांदा बघितलं तितकं खरवडलं. असा आवाज आला की पहिलं काम काय? बंद करायची. हात नाही लावायचा. बस.”

म्हणजे पूजेत मी मारली आणि नंतर रोज सकाळी थोडी थोडी पुन्हा मारली. तिथंच रडायला आलं मला. मी त्यांना कुंकवाचं सांगून टाकलं. ते ऐकून घेत होते आणि भिंगातून डिस्कच्या तोंडात बघत होते. “कुंकू आहे,” म्हणाले. “तोंडाशीच आहे. ब्रशनं जाईल. कुंकवानं डिस्क मरत नसते, भाभी. हा कोपरा बघा, चेपलाय. कधीतरी पडलीय ही. आणि वय झालंय.”

मला ते समजूत घालणंच वाटलं. तुमच्या हातून कधी काही पडलेलं मी बघितलं नव्हतं.

त्यांची पद्धत तुम्हाला आवडली असती. याच कंपनीची, याच मॉडेलची दुसरी डिस्क शोधायची, तिची सुई काढून हिला बसवायची. मग हिच्यावर काही काम करायचं नाही, आधी तिची पूर्ण नक्कल काढायची, आणि शोधायचं ते नकलेत. “पेशंटला एकदाच झोपेतून उठवायचं,” म्हणाले. दुसरी डिस्क मिळायला पंधरा दिवस गेले. दिवाळी तशीच गेली. गौरीनं आकाशकंदील लावू दिला नाही. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची, “डबा दे”, “सही कर”. एकदा मैत्रिणीला सांगताना ऐकलं मी, “माझ्या आईनं पप्पांचे व्हिडिओ खराब केले.” मी स्वयंपाकघरात उभी होते. मला ते खरंच वाटत होतं.

मग परवा फोन आला. “भाभी, नक्कल निघाली. जवळजवळ सगळी. पण फोनवर नाही, इथं या.”

मी गेले तर त्यांनी आधी चहा मागवला. मी म्हटलं, चहा राहू द्या, दाखवा. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. ‘घर’ कुठंच नव्हतं. एकच मोठा फोल्डर होता, ‘पेठ लग्न – सिलेक्शन बाकी’.

मला वाटलं, डिस्क बदललीय. दुसऱ्या कुणाची तरी दाखवतायत. पण ते लग्न मला आठवलं. पेठच्या पुढं दोन तास, मे महिना, तुम्ही परत आलात ते मानेपर्यंत उन्हानं भाजून.

“बाकीचं कुठंय?”

अन्सारभाई हळू बोलले. “मे महिन्यात, साडेतीन वर्षं झाली, एका रविवारी सकाळी ही डिस्क पूर्ण साफ केलीय. चुकून नाही होत ते, दोन वेळा विचारतं, खरंच पुसू का म्हणून. मग त्याच रात्री हे लग्न भरलं. पाटी पुसून वर दुसरं लिहिलं की आधीचं कुणी वाचू शकत नाही, भाभी. मी नाही, दुनियेत कुणी नाही. तुमच्या पूजेत काय मरणार? त्यात होतंच काय?”

त्या माणसानं माझ्या डोक्यावरचा गुन्हा उतरवला, अहो. आणि कुणाच्या डोक्यावर ठेवला, बघा!

मला तो रविवार आठवतो. लगीनसराईचा कडेलोट. आदल्या दिवशी सिन्नरकडचं लग्न, त्या दिवशी पेठचं, दुसऱ्या दिवशी ओझरचं. दुकानातल्या सगळ्या डिस्क भरलेल्या. का भरलेल्या? कारण लोक लग्न करतात आणि अल्बमचे फोटो निवडत नाहीत. ‘सिलेक्शन बाकी’ म्हणून तुमच्याकडे वर्षानुवर्षं लोकांची लग्नं पडून. मी किती वेळा म्हटलं, तारीख द्या त्यांना, नाहीतर पुसून टाका. तुमचं उत्तर ठरलेलं. “असं कसं पुसायचं? त्यांच्या आयुष्याचा दिवस आहे तो.” आणि आमच्या आयुष्याचे दिवस? ते कुणाचे होते?

लोकांच्या लग्नाच्या दोन-दोन कॉप्या ठेवणारा माणूस. नवीन पोरं कॅमेरा घेऊन सल्ला मागायला आली की त्यांना सांगणार, एक कॉपी म्हणजे शून्य कॉपी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! घरच्या डिस्कची दुसरी कॉपी कुठं होती, सांगा ना?

मला वाटतं, होती. दोन दिवसांपुरती तुम्ही ती दुकानाच्या कॉम्प्युटरवर ठेवली असणार. पुसण्याआधी तुम्ही तेवढं तरी केलंच असेल, तेवढे तुम्ही मला माहीत आहात. आणि जूनमध्ये लाईटचा दाब वाढून तो कॉम्प्युटर जळला. आठवतंय? तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. मी ताट घेऊन मागं लागले होते, “मशीनच तर आहे, दुसरं येईल की.” तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि भात कालवायला लागलात. कामाचं नुकसान झालं म्हणून वाईट वाटतंय, असं मी समजले. तुम्ही तर सुतक पाळत होता, आणि आम्हाला सांगितलंही नाही!

पण ऐका, हे मी माफ केलं असतं. खरंच. चूक कुणाच्या हातून होत नाही? डिस्क साफ केलीत, कॉम्प्युटर जळला, गेलं. मी रडले असते, चार दिवस अबोला धरला असता, पाचव्या दिवशी पोहे केले असते.

ते आठ दिवस मी माफ करू शकत नाही.

त्याच वर्षी गणपतीत तुमचा घसा बसला तो उठलाच नाही. जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. आठ दिवसांनंतरची तारीख दिली. गाडीवरून परत येताना द्वारकेच्या सिग्नलला आपण थांबलो होतो. मी मागून तुमच्या कानाशी म्हटलं, “या आठ दिवसांत गौरीसाठी काहीतरी बोलून ठेवा. एखादी गोष्ट वाचा. तिचं नाव घ्या नुसतं. मी रेकॉर्ड करते.”

आणि तुम्ही म्हणालात, त्या फाटक्या आवाजात, मान अर्धी वळवून, “हा बसका आवाज कशाला ठेवायचा तिच्यासाठी? डिस्कवर चांगला आवाज आहे की, ढीगभर.”

सिग्नल सुटला. तुम्ही गाडी काढलीत.

अहो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं! सहा महिने झाले होते माहीत होऊन. बसका तर बसका, आठ दिवस आवाज होता तुमच्याकडे. ‘गौरी’ म्हणायला किती वेळ लागतो? पण ते म्हणायचं, तर आधी मला सांगायला लागलं असतं की डिस्कवर काही नाही. माझ्या एका रडण्याला तुम्ही एवढे घाबरलात? मी काय खाल्लं असतं तुम्हाला? एक खोटं झाकायला तुम्ही लेकीच्या वाट्याचा आवाज देऊन टाकलात, आणि मी वेडी, चार लोकांना सांगत होते, “आमचं बरं आहे, यांचे घरचे व्हिडिओ आहेत.”

माझ्या मोबाईलमध्ये शोधलं मी. तुमची शिस्त अशी, की मोबाईल भरला की सगळं डिस्कवर टाकायचं आणि मोबाईल स्वच्छ करून द्यायचा. माझाही द्यायचात. ऑपरेशनआधीच्या दिवाळीच्या दोन क्लिप तेवढ्या राहिल्यात. एकीत तुम्ही नुसते खोकताय. दुसरीत फटाके आहेत. बाकी प्रत्येक लग्नात, बारशात, मुंजीत तुम्ही कॅमेऱ्यामागं. सगळ्या नातेवाइकांकडं विचारलं, तर सगळ्यांचे फोटो तुम्ही काढलेले. तुम्ही कुणाकडंच नाही.

ऑपरेशननंतर सव्वा वर्ष तुम्ही वहीत लिहून बोलायचे. काल रात्रीपर्यंत त्या वह्या मी जपून ठेवलेल्या कपड्यांसारख्या नुसत्या हातात घ्यायची, वाचायची नाही. आज सकाळी सगळ्या वाचल्या. सहा वह्या. ‘चहा’. ‘पंखा कमी कर’. ‘गौरीच्या बुटाचं माप घे’. ‘आईला सांग टोमॅटो आत्ताच काढू नको’. ‘वेदना नाहीत, खोटं नाही सांगत’. खोटं नाही सांगत! एकदा मी विचारलं होतं, घरचे व्हिडिओ लावू का, तर लिहिलंय, ‘नको, त्रास होतो’. मला वाटलं, स्वतःचा आवाज ऐकवत नसेल. मी त्या दिवशी तुमच्या पायाला तेल चोळता चोळता तुमच्यासाठी रडले होते हो.

चौथ्या वहीत एका पानावर वरच लिहिलंय, ‘वैशाली, त्या डिस्कमध्ये’. पुढं काही नाही. त्याच्या खाली, ‘दूधवाला आलाय, बघ’.

मी गेले असेन दूध घ्यायला. परत आल्यावर तुम्ही पान उलटलंत ना? एवढं जवळ येऊन! दूधवाला परत गेला असता तर गेला असता, मला हात धरून बसवायचं होतंत.

आता पुढचं ऐका.

अन्सारभाईंनी ते लग्न नव्या डिस्कवर घालून दिलं. मी म्हटलं, मला नको. ते म्हणाले, “न्या भाभी. कॅमेरा कोण चालवत होतं? कच्चं शूटिंग आहे, गाणी-बिणी घातलेली नाहीत. कान देऊन बघा.” मला तिथं लक्षात आलं नाही. रिक्षात बसल्यावर आलं.

आज सकाळी वह्या झाल्यावर मी ते लग्न लावलं. साडेतीन तास. आणि तुम्ही बोललात.

“काकू, अक्षता जरा हळू हं, नवरीच्या डोळ्यात जातील.” “नवरदेव, हसा की, कर्ज नाही घेतलंय, लग्न करताय.” “ताई, रडा बिनधास्त, मी काजळाचं बघतो.” काय आवाज होता हो तुमचा! खालून उचलल्यासारखा, शेवटी थोडा हसरा. मी विसरले होते. बारा वर्षं शेजारी निजणारी बाई विसरली होती, पोरीला काय बोल लावायचा? मी स्क्रीनजवळ कान नेला. आंधळ्यासारखी बसून राहिले.

पण तुम्ही आमच्याशी बोलतच नव्हता! परक्या नवरीला ताई, परक्या बाईला काकू, मांडवातल्या पोरांना ‘ए राजा, बाजूला हो’. सगळ्या जगाला गोड. मी वाट बघत होते, आता काहीतरी येईल, चुकून तरी नाव निघेल. जेवणाच्या पंगतीचं शूटिंग चालू असताना मोबाईल वाजतो. वाजणारं गाणं आपलंच, मी फोन केला की वाजायचं ते. कॅमेरा हलतो, पंगत तिरकी होते, आणि तुमचा आवाज अगदी जवळून येतो, “हां, बोल... किती आहे ताप?... बरं... नंतर करतो गं, लग्नात आहे.”

एवढंच. पुन्हा पंगत सरळ, जिलेबीचं ताट.

‘नंतर करतो गं, लग्नात आहे.’ जगात तुमच्या आवाजातलं मला उद्देशून बोललेलं एवढंच वाक्य शिल्लक आहे. मी ते अकरा वेळा ऐकलं. आधी हसले, मग माऊस भिंतीवर फेकला. चालतोय अजून, काळजी नको.

मग रागाच्या भरात मी त्या पेठच्या नवरीला फोन लावला. नंबर तुमच्या डायरीत होता. म्हटलं, तुमच्या लग्नाचे फोटो निवडायचे राहिलेत. ती मोठ्यानं हसली. “अवं बाई, आम्ही तं इसरूनच गेलतो! दोन पोरं झाली ना. आता काय करायचा अल्बम?” मग म्हणाली, “पर आमचं बा त्या लग्नात नाचलं व्हतं. ते आता नाय. तेवढं दिसंल का?”

दिसेल म्हटलं. पाठवते. काय करू? तिचा काय दोष? तिचा बा मी बघितला, निळा फेटा, फार छान नाचतो. तुम्ही त्याला चार मिनिटं सोडलेलंच नाही कॅमेऱ्यातून.

आईंना दुपारी सगळं सांगितलं. भाजी निवडत होत्या. हात थांबले नाहीत त्यांचे. म्हणाल्या, “पोरीला सांग, काय निंघालं नाय. गेलेल्या मानसाला कशाला गुन्हेगार करती? बाप हाय तिचा.”

मी म्हटलं, “आणि मी? मी आई आहे ना तिची? ती मला गुन्हेगार धरून बसलीय, त्याचं काय?”

“तू हाय की जित्ती,” त्या म्हणाल्या. “तुझ्यावरला राग जाईल लय लवकर.”

खरं आहे ते. मला पटलंसुद्धा. तास-दीड तास मी तसंच ठरवलं होतं. सांगायचं, पाण्यानं खराब झाली, कुंकवानं झाली, आईचं चुकलं. गौरी अजून महिनाभर फुरंगटून बसेल, मग विसरेल. तुम्ही तिच्या मनात तसेच राहाल, देवघरातल्या फोटोसारखे, काही न चुकलेले. तुमचं नाव राखायला बायको कमी पडली असं कुणी म्हणायचं नाही.

आणि मग मला कळलं, मी काय करायला निघालेय ते. तुम्ही सिग्नलवर मान अर्धी वळवून केलंत, तेच. समोरच्याला रडू येऊ नये म्हणून खोटं. मग ते खोटं सांभाळायला आणखी एक. गौरी विसाव्या वर्षी कधीतरी अन्सारभाईंच्या दुकानात जाईल, किंवा तुमची ती चौथी वही उघडेल, आणि मग ती कुणाला पत्र लिहील? मला?

नाही अहो. एवढं मोठं तुमचं ओझं मी नाही उचलणार. तुमच्या आजारपणात सगळं उचललं, कधी तोंड वाकडं केलं नाही. हे तुमचं तुम्ही उचला.

सव्वापाच झाले. शब्द देते, ऐका. गौरी आली की तिला दप्तर खाली ठेवायच्या आत सांगीन, ‘नंतर’ नाही. सांगीन, पप्पांनी डिस्क साफ केली, त्यांच्या हातून चूक झाली, आणि सांगायला ते घाबरले. तिला तो आवाज ऐकवीन, काकू, नवरदेव, ताई, सगळं, आणि ते तापाचं वाक्यही. ताप तिलाच होता, हे सांगीन. ती रडेल. चिडेल. तुमच्यावर चिडेल ती, पहिल्यांदाच. मी अडवणार नाही, पप्पांना असं बोलू नये म्हणणार नाही. इतके दिवस तिला नमस्कार करायला नुसता फोटो होता. आता भांडायला बाप मिळेल.

दारात तिची सायकल वाजतेय.

तुमचीच, पण अजून रागावलेली,
वैशाली